विश्लेषण : २३ लिहिणाऱ्या मुलाला ७ मोजता का येत नाहीत? कोणत्या वयात काय शिकवायचे असते?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला ताईचा व्हिडीओ कॉल आला. पडद्यावर सव्वाचार वर्षांचा भाचा, पुढ्यात चौकटीची वही आणि गालावर सुकलेले अश्रू. ज्युनिअर केजीचा गृहपाठ होता, १ ते ५० अंक दोन वेळा लिहिण्याचा. तो २३ पर्यंत पोहोचला होता आणि पेन्सिल इतकी दाबून धरत होता की मागच्या पानावर खाचा उमटल्या होत्या. ‘‘तू इंजिनीअर आहेस ना, जरा गोडीनं समजाव याला,’’ ताई म्हणाली. मी समजावून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटी विषय बदलायचा म्हणून विचारले, ‘‘ताटात पोळीचे तुकडे किती उरलेत?’’ तुकडे सात होते. त्याने बोट ठेवून मोजले, दोन तुकडे दोनदा मोजले आणि ‘नऊ’ म्हणून मोकळा झाला.

म्हणजे ज्याला २३ लिहिता येत होते त्याला ७ मोजता येत नव्हते. यात मुलाचे काही चुकले नव्हते आणि ताईचेही नव्हते. त्या वयात हात काय करू शकतो, डोके काय करू शकते आणि वही काय मागते, या तीन गोष्टींचा एकमेकींशी मेळ नव्हता. शाळाप्रवेशाचे दिवस आले की ‘कोणत्या वर्गात घालू’ हा प्रश्न घरोघरी निघतो. त्याआधी कोणत्या वयात मूल काय शिकते, हे पाहायला हवे.

वयाचा नियम काय सांगतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेची मांडणी ५+३+३+४ अशी आहे. त्यातली पहिली पाच वर्षे, म्हणजे वय ३ ते ८, हा ‘पायाभूत स्तर’. यात बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येते. पहिलीला मूल सहा वर्षांचे असावे, हे त्यातूनच आले. केंद्रीय विद्यालयांनी २०२२-२३ पासून ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण असण्याची अट घातली. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले, पण अट टिकली.

महाराष्ट्रात मात्र सहा वर्षे मोजण्यासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. वर्ष सुरू होते जूनमध्ये आणि वय मोजले जाते डिसेंबरअखेरचे. ३० डिसेंबर २०२० ला जन्मलेले मूल जून २०२६ मध्ये पहिलीच्या बाकावर बसते, तेव्हा त्याला साडेपाच वर्षेही पूर्ण झालेली नसतात. त्याच वर्गात जानेवारी २०२० चे मूल असते, सहा वर्षे पाच महिन्यांचे. आपल्याला वर्षभराचे अंतर किरकोळ वाटते. साडेपाच वर्षांच्या मुलासाठी ते त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या सहाव्या हिश्शाहून जास्त असते.

याचा परिणाम किती खोल जातो, हे २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसते. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान आणि सप्टेंबरची सर्वांत मोठी. हार्वर्डच्या संशोधकांना आढळले की, ऑगस्टच्या मुलांवर एडीएचडीचा, म्हणजे अतिचंचलतेचा शिक्का बसण्याचे प्रमाण सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होते. जन्मतारखेत महिन्याचे अंतर असलेल्या मुलांच्या मेंदूत एवढा फरक नसतो. लहान मुलाची तुलना वर्षभराने मोठ्या मुलाशी झाली आणि त्याचा लहानपणा आजार ठरला.

म्हणून डिसेंबरच्या बाळांचे आईवडील विचारतात, त्याचे उत्तर सरळ आहे. किमान वय ही अट आहे, सक्ती नाही. मूल पात्र आहे म्हणून त्याच वर्षी घातलेच पाहिजे असे नाही. ‘एक वर्ष वाया जाईल’ ही भीती मात्र इतकी पक्की आहे की जन्मदाखल्यावरची तारीख मागे सरकवण्याचे प्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले. आपल्या आजोबांपैकी निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला का येतो, ते विचारून पाहा.

पहिली तीन वर्षे : माणूस हवा, व्हिडीओ नको

सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, हे वाक्य राष्ट्रीय धोरणातच आहे आणि आता ते प्रत्येक प्लेग्रुपच्या फ्लेक्सवर असते. त्यावरून ‘मग लवकर शिकवायला घ्या’ असा अर्थ काढला जातो. या वयातले शिकणे कसे असते, ते मराठी माणसाला सहज कळेल अशा एका प्रयोगातून पाहू.

कॅनडातील जेनेट वर्कर यांनी १९८० च्या दशकात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. इंग्रजी भाषक प्रौढांना हा फरक सहसा ऐकू येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. दहा-बारा महिन्यांची झाली तेव्हा बहुतेक बाळांचे हे कसब गेले होते. जी भाषा कानावर पडते तिच्यासाठी मेंदू कान घडवतो, बाकीचे बाजूला टाकतो. पहिला वाढदिवस व्हायच्या आत!

दुसरा प्रयोग फोनवर बडबडगीते लावून जेवू घालणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींपुढे चिनी बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलत होती. काहींना तीच व्यक्ती टीव्हीवर दाखवली, काहींना फक्त आवाज ऐकवला. समोर माणूस असलेली बाळे चिनी ध्वनी शिकली. टीव्ही आणि आवाजाच्या गटातली काहीच शिकली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे म्हटले आहे. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात हे पाळणे किती कठीण आहे, हे ताईकडे पाहून मला माहीत आहे. पण बाळाने ‘बा’ म्हटल्यावर ‘हो रे, बाबा ऑफिसला गेला’ असे उत्तर देणारे कोणी तरी हवे. आजी, शेजारच्या काकू, पाळणाघरातल्या ताई, कोणीही चालेल. तेवढे मात्र फोन करू शकत नाही.

तीन ते सहा : हातात पेन्सिल कधी?

पालकांच्या ग्रुपवर एक एक्स-रे फिरत असतो. डावीकडे लहान मुलाचा पंजा, उजवीकडे मोठ्याचा, आणि खाली ओळ की ‘याच्या मनगटात हाडेच नाहीत, हा लिहिणार कसा?’ चित्र खरे आहे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मताना ती कूर्चेची असतात, एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण तीन दिसतात, आठवे दिसायला नववे-दहावे वर्ष किंवा त्याहून उशीर लागतो. पण काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. तसे असते तर चौथीपर्यंत कोणालाच लिहिता आले नसते. खरी अडचण हाताच्या बारीक स्नायूंची आणि त्यांच्यावरच्या मेंदूच्या ताब्याची आहे.

दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून हात हलवते. पुढे ते बोटांत धरते, पण हालचाल मनगटातून किंवा कोपरातून होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत पेन्सिल धरून फक्त बोटे हलवायची, ही पकड साधारण साडेचार ते सहा या वयात बसते. काहींना आणखी वेळ लागतो. आकारांचेही तसेच आहे. समोरचा गोल पाहून बहुतेक मुले तिसऱ्या वर्षाच्या आसपास तो काढतात, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर. त्रिकोणाची तिरकी रेघ जमायला पाचवे वर्ष उजाडते. आता ‘क्ष’ किंवा ‘ळ’ डोळ्यांपुढे आणा. भाचा पेन्सिल दाबून धरत होता तो हट्टाने नव्हे. बोटांना अजून न जमणारे काम तो अख्ख्या दंडाने करत होता.

या हाताची तयारी वहीबाहेर होते, आणि आपल्या घरांत तिला तोटा नाही. पोळ्यांची कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, चिमटीने रांगोळी सोडू द्या, शर्टाची बटणे स्वतः लावू द्या. लिंबू पिळणे, मणी ओवणे, बोथट टोकाच्या कात्रीने जुना पेपर कापणे, हे सारे लेखनाचेच धडे. यात स्वयंपाकघराचा उकिरडा होतो, ते मान्य.

आता मोजण्याकडे येऊ. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग घरी करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. मुलाच्या देखत एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, कशात जास्त आहे? चार-पाच वर्षांची बहुतेक मुले ठामपणे उंच ग्लास दाखवतात. सहा-सात वर्षांचे मूल ‘तेवढंच आहे, तुम्हीच तर ओतलंत’ असे म्हणून आपल्यालाच वेड्यात काढते. मधल्या काळात त्याला कोणी हे ‘शिकवलेले’ नसते. ओतणे, सांडणे, वाटणी करणे, ‘त्याला जास्त दिलंस’ म्हणून भांडणे, यांतून ते घडलेले असते. पियाजेंनी मांडलेल्या वयाच्या रेषा नंतरच्या संशोधकांनी पुष्कळ सैल केल्या, प्रश्न सोपा विचारला तर मुले आधीही बरोबर उत्तर देतात, हेही दाखवले. पण क्रम साधारण तोच राहिला.

अंकांचे नाव पाठ असणे, अंक काढता येणे आणि ‘सात’ म्हणजे सात वस्तू हे कळणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन वहीत दिसतात आणि पालकसभेत दाखवता येतात. तिसरी दिसत नाही. आम्ही कॉलेजात असताना खोलीतला सिव्हिलचा मित्र सांगायचा, स्लॅब दुसऱ्या दिवशी टणक लागतो म्हणून सेंट्रिंग काढायचे नसते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. टणक दिसणे आणि वजन पेलणे यातला हा फरक मी मेकॅनिकलचा असूनही लक्षात राहिला, आणि त्या रात्री वही पाहताना तोच आठवला.

मग लवकर सुरुवात केलेली मुले पुढे राहत नाहीत का? न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या आणि सातव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. सुरुवातीला पहिला गट अर्थातच पुढे होता. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनातला फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, हे तर आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते आपल्याला जसेच्या तसे लागू करण्यात धोका आहे. तिथल्या मुलाला शाळेआधी चांगली बालवाडी मिळते आणि घरी पुस्तके असतात. ज्या घरात एकही गोष्टीचे पुस्तक नाही, तिथल्या मुलाला सातव्या वर्षापर्यंत ‘खेळू द्या’ म्हणून सोडून देणे म्हणजे खेळ नव्हे, दुर्लक्ष.

म्हणूनच अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या पेरी प्रीस्कूलचा प्रयोग महत्त्वाचा. १९६२ ते १९६७ या काळात तिथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली आणि त्यांपैकी ५८ जणांना उत्तम बालवाडी दिली. खेळाचे नियोजन मुलांनी करायचे, खेळायचे आणि मग काय केले ते सांगायचे, अशी पद्धत. शिक्षिका दर आठवड्याला घरी जात. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक आधी वाढला, पण काही वर्षांत दोन्ही गट सारखे झाले. इथेच प्रयोग थांबला असता तर तो फसला असे लिहिले गेले असते. पण त्या मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला गेला. बालवाडीला गेलेल्यांत शालेय शिक्षण पूर्ण करणारे जास्त होते, कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रमाण कमी होते. वाट पाहणे, ठरवलेले पार पाडणे, दुसऱ्याशी जुळवून घेणे हे त्या खेळांतून आले, असे यावर काम केलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांचे म्हणणे आहे.

हे सगळे परदेशी खूळ आहे का?

अजिबात नाही. उलट ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द आपल्या पालघर किनाऱ्यावरचा आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, कारण कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कोणाला गुरे राखायची होती. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, पाने, माती यांनी तेच काम केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी आणि मोबाइलवर माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात सेविकांनी बालशिक्षण करायचे असते. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू केले, त्याच वर्षी तीन ते आठ वयासाठी ‘जादुई पिटारा’ हे खेळसाहित्य आले. कागदावर दिशा ताराबाईंचीच आहे. पण गावात जरा पैसा आला की मूल अंगणवाडीतून काढून तालुक्याच्या इंग्रजी केजीत जाते, कारण ‘तिकडे बाई नुसतं खेळवतात’. विनोद असा की सरकारी अंगणवाडीचा अभ्यासक्रम वयाला धरून आहे आणि पैसे मोजून घेतलेल्या केजीचा पुष्कळदा नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्याच्या ११ व्या कलमात फक्त ‘सरकार व्यवस्था करू शकेल’ एवढेच म्हटले आहे.

सहा ते आठ : इथे मात्र ढिलाई नको

लहान वर्गांत घाई करणारी आपली शाळा पहिली-दुसरीत नेमकी उलटी वागते. मूल वाचायला लागले की नाही, याकडे पुरेसे लक्ष न देता ती पुढच्या धड्याकडे जाते. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातील सरकारी शाळांच्या तिसरीतील फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनानंतर २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारांतली तीन मुले मागेच आहेत. तिसरीनंतर परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणे, सगळेच वाचून करायचे असते. ज्याला वाचता येत नाही तो एका विषयात नाही, सगळ्याच विषयांत मागे पडतो.

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाले. त्याच्या लक्ष्यानुसार दुसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत. तिसरीअखेर किमान ६०. घरी स्टॉपवॉच घेऊन बसू नका. पण दुसरीतले मूल ‘घरासमोर चिंचेचे झाड आहे’ हे एका दमात वाचून अर्थ सांगते की अक्षरन्‌अक्षर जुळवत बसते, हे ऐकले तरी कळते.

मराठी वाचायला शिकण्यात काही खास अडचणी आहेत आणि त्या पालकांना ठाऊक असाव्यात. इंग्रजीला २६ अक्षरे आहेत. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आणि वर जोडाक्षरे. ‘किती’तली पहिली वेलांटी उच्चारताना ‘क’नंतर येते, पण डोळ्यांना आधी दिसते. ‘सूर्य’मध्ये र आधी बोलायचा आणि ‘य’च्या डोक्यावर लिहायचा. त्याच ‘र’ची चक्र, राष्ट्र, तऱ्हा यांत आणखी तीन रूपे. कन्नडच्या अशाच अक्षरव्यवस्थेवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरे शिकणे प्राथमिकच्या वरच्या वर्गांपर्यंत चालू राहते असे दिसले. म्हणजे दुसरीतले मूल जोडाक्षराला अडखळले तर ते ‘ढ’ नाही. ‘अ’ ते ‘ज्ञ’ सगळे पाठ झाल्यावरच शब्द, असा आग्रह सोडून घर, मका, कमळ अशा शब्दांनी सुरुवात करणारे शिक्षक मुलाला लवकर वाचते करतात. आणि वाचण्याआधी कान तयार व्हावा लागतो. शब्दाचा शेवटचा आवाज पकडून पुढचा शब्द सांगायचा, हा भेंड्यांचा खेळ त्यासाठीच जणू बनवला आहे. प्रवासात मुलाच्या हातात फोन देण्याऐवजी गावांच्या नावांच्या भेंड्या लावून बघा.

आकड्यांची गोष्ट आणखी गमतीची. ‘पंचेचाळीस’ ऐकताना पाच आधी येतात, लिहिताना चार. म्हणून ४५ चे ५४ होतात. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यात गदारोळ झाला, विनोदांचा पाऊस पडला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे सांगितले होते की जुनी नावे रद्द नाहीत, मुलाला संख्या समजावी म्हणून ही जोड आहे. माझ्या मते त्या बरोबर होत्या, आणि ज्यांनी सर्वांत जास्त विनोद केले त्यांची मुले ‘ट्वेंटी वन, ट्वेंटी टू’ म्हणत होती.

वय आणि भाषेचाच वाद २०२५ मध्ये पुन्हा पेटला. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचे शासन निर्णय एप्रिल आणि जूनमध्ये निघाले, २९ जूनला मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातल्या राजकारणात न शिरता एवढे म्हणता येते. या वयात कानावर पडणाऱ्या तीन भाषा मूल सहज उचलते, मुंबईच्या कुठल्याही चाळीत ते दिसते. पण भाषा उचलणे वेगळे आणि तिचा तास, पुस्तक, परीक्षा वेगळी. वाचनच पक्के न झालेल्या मुलाचा वेळ तिसऱ्या पुस्तकाला दिला तर तो पहिल्या पुस्तकातूनच जातो.

आठनंतर काय बदलते?

आठव्या वर्षापर्यंत चांगले शिकवूनही मूल अक्षरे उलटसुलट करत असेल, तोंडी हुशार आणि कागदावर कोरे असेल, तर थांबू नये. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेने चाचपणी करायची आणि प्रमाणपत्रही आठव्या वर्षापासूनच मिळते. त्याआधीचे अडखळणे पुष्कळदा वयाचेच असते. ‘तारे जमीन पर’ पाहून रडलेल्या पालकांनाही आपल्या मुलाच्या बाबतीत ‘लक्ष देत नाही’ हेच आधी सुचते. निदान लवकर झाले तर शिकवण्याची पद्धत बदलता येते, दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

अकरा-बारानंतर ‘क्ष’ची किंमत काढणे, ‘असे झाले असते तर’ हा विचार, अन्यायाबद्दलचा राग हे सगळे एकदम येते. बीजगणित सातवी-आठवीत येते ते यामुळेच. या वयात पालक अभ्यासावर घसरतात आणि झोपेकडे दुर्लक्ष करतात. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि वयात येताना झोप येण्याची वेळच पुढे सरकते. अकराला झोप न येणारी मुलगी दरवेळी फोनमुळे जागी नसते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो पूर्वप्राथमिक ते चौथीसाठी. लहान मुलांना त्याचा फायदा आहेच. पण उशिरा सुरू होणाऱ्या शाळेची शरीराला खरी गरज असते आठवी-नववीत, आणि नेमके तेच विद्यार्थी पहाटे साडेपाचला उठून क्लासला, तिथून सात वाजता शाळेत जातात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी नकोत, असे सांगितले होते.

घरी आणि शाळेत विचारायचे काय?

बालवाडी पाहायला गेलात तर भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा या गोष्टी पाहा. मुले दिवसातला किती वेळ जागची हलतात? गोष्ट रोज सांगितली जाते का? साहित्य मुलांच्या हाताला लागते की कपाटात कुलूपबंद आहे? बाई मुलांच्या घरच्या भाषेत बोलतात का? पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली जात असेल, तर ती शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मूल चौथ्या वर्षी लिहीत नाही म्हणून घाबरू नका. पण तीन वर्षांचे झाले तरी दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा आधी बोलत होते ते थांबले असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. आधी कान तपासा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इथे वाट पाहण्यात नुकसान आहे.

ताई त्या आठवड्यात शाळेत बाईंना भेटून आली. बाई ऐकून घेत होत्या. ‘‘मलाही पटतं हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण वही भरलेली दिसली नाही की पालक विचारतात, फी कशाची घेता?’’ तरी त्यांनी ऐकले. आता घरी लिहायला रोज फक्त पाच अंक असतात आणि सोबत तेवढ्याच वस्तू मोजून आणायच्या असतात. भाचा काल चमचे मोजत होता, बारा निघाले आणि बाराच होते.

परवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तरी विचारले, ‘‘यंदा होमवर्क एवढा कमी का झालाय? दुसऱ्या शाळेत तर शंभरपर्यंत आलेत.’’ त्याखाली अकरा अंगठे आहेत. ताईने अजून काही लिहिलेले नाही, काय लिहावे असे मला विचारते आहे.